ओसंडल्याची झेंडी

कालिंदीताई टिळेकर नोकरीला जातात म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यांच्या नाशिकच्या सोसायटीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. "कॉम्प्युटरचं काहीतरी" एवढंच सगळ्यांना माहीत होतं. कुणी जास्त विचारलंच, तर त्या म्हणायच्या, "मी भाषांतर तपासते." आणि ते खरंच होतं.

माणसं प्रोग्रॅम लिहितात तो माणसांना वाचता येईल असा. चिपला तो कळत नाही. तिला हव्यात छोट्या छोट्या आज्ञा : हे उचल, ते वजा कर, तिकडे जा. कंपायलर नावाचा दुभाषी माणसांच्या लिखाणातून या आज्ञा तयार करतो. त्या बरोबर आहेत का आणि फाफटपसारा न करता दिल्या आहेत का, हे बघायचं काम कालिंदीताईंचं.

फाफटपसारा नको, कारण त्यांच्या कंपनीचा कंपायलर ज्या चिपसाठी होता ती तांदळाच्या दाण्याएवढी होती. तिचं नाव कर्णिका. बहिऱ्या माणसाच्या कानामागच्या हाडात ती बसवत. तिला बॅटरी नव्हती. अंगाची ऊब हेच तिचं अन्न. आणि माणसाच्या अंगातून मिळते ती ऊब अशी कितीशी? म्हणून तिच्या प्रोग्रॅममधली एकेक आज्ञा कंजूषपणे वेचावी लागे.

या कंजूषपणातली एक युक्ती कालिंदीताईंना फार आवडायची. नवी मुलं कामाला आली की त्या फळ्यावर चार काठ्या काढत आणि प्रत्येकीला एकेक झेंडी लावत.

"चिपनं वजाबाकी केली की ती नुसतं उत्तर देत नाही, या झेंड्याही वरखाली करते. उत्तर शून्य आलं, ही वर. उत्तर उणे आलं, ही वर. हातच्याची ही वेगळी. आणि उत्तर जागेत मावलं नाही, ओसंडलं, तर ही चौथी. आता प्रोग्रॅमरनं लिहिलंय, 'वजाबाकी कर, मग उत्तर शून्याशी ताडून बघ, लहान असेल तर अमुक कर.' तर पुन्हा ताडायचं कशाला? वजाबाकी झाली तेव्हाच झेंडी वर गेलीय की! नुसतं मान वर करून बघायचं. एक आज्ञा वाचली."

ही आज्ञा खरोखर वाचते का, यासाठी तपासण्या असत. एक चिमुकला प्रोग्रॅम कंपायलरला द्यायचा, त्यानं काढलेल्या आज्ञा शेजारी ठेवलेल्या नमुन्याशी जुळवायच्या. जुळल्या तर पास. पण कंपायलर सुधारला की हजारो नमुने एकदम जुने व्हायचे. मग एक सोय होती : बटण दाबलं की कंपायलर आज जे काढतोय तेच नवे नमुने म्हणून उतरवून घेतलं जाई, आणि माणसानं त्यांवरून नजर फिरवून मंजुरी द्यायची. ओळी कमी झालेल्या दिसल्या की माणूस खूश होतो. साऱ्या खात्याची हीच रीत होती, कालिंदीताईंचीही.

त्यांच्या स्वतःच्या कानामागेही एक कर्णिका होती.

*

त्या हिवाळ्यात कालिंदीताईंना मधूनमधून ऐकू येईनासं झालं. सुट्टीच्या दिवशी दुपारी पुस्तक वाचत बसलेल्या असायच्या, उठून भांडं ठेवायच्या आणि भांड्याचा आवाजच नाही. संध्याकाळपर्यंत, कधी रात्रीपर्यंत असंच. मग आपोआप परत यायचं.

कर्णिकेबरोबर मिळालेल्या माहितीत लिहिलं होतं : थंडीत किंवा वयोमानानं अंगाची ऊब कमी पडल्यास यंत्र मंदावते. गरम पेय घ्यावे, फिरून यावे. कालिंदीताई आल्याचा चहा करत, स्वेटरवर शाल घेत, घरातल्या घरात फेऱ्या मारत. आरशासमोरून जाताना त्यांना वाटायचं, संपत चाललीय आपल्यातली ऊब. साठीला आलो. कुणाला सांगणार आणि काय सांगणार? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ऑफिसात मात्र त्या भलतंच सांगत. शनिवारी मुलं कुठे जेवायला निघाली की म्हणत, "नको रे, माझ्याकडे भाचे आलेत. घरात नुसता गोंधळ." एकदा कीव दिसली होती कुणाच्यातरी नजरेत. तेव्हापासूनचे हे भाचे.

एका सकाळी जिन्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या पुष्पलताबाई अहिरे भेटल्या. कालिंदीताई हसल्या. पुष्पलताबाई हसल्या नाहीत.

"काय हो, रागावलात का?" कालिंदीताईंनी विचारलं.

"आम्ही कोण रागावणारे? मोठी माणसं तुम्ही. रविवारी मांडे केले होते, गरम गरम घेऊन आले. बेल दाबून दाबून बोट दुखलं. खिडकीतून दिसत होतात की खुर्चीत बसलेल्या! उन्हात पाय पसरून, मजेत वाचत. उठायला जड झालं असेल."

"अहो, मला ऐकूच आलं नाही."

"तीनदा ऐकू आलं नाही? दिवाळीनंतर तीनदा आले मी. जाऊ द्या. मांडे पोरांनी खाल्ले." आणि त्या खाली उतरून गेल्या.

कालिंदीताई जिन्यातच उभ्या राहिल्या. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं. पण जन्माची खोड तपासण्याची. मनात एक शब्द अडकून बसला होता : उन्हात. रविवारी त्या उन्हात बसल्या होत्या, स्वेटर घालून, घाम येईपर्यंत. अंग गरम होतं. मग कर्णिका मंदावली कशी?

*

ऑफिसात जाऊन त्यांनी कर्णिकेच्या झोपेचा भाग उघडला. ऊब वाचवण्यासाठी कर्णिका झोपते. आसपास आवाज नसला की डुलकी घेते, आणि बराच वेळ माणसाचा आवाज कानी आला नाही की गाढ झोपते. गाढ झोपेतही ती अधूनमधून घड्याळ बघते : उठायची वेळ झाली का? झाली असली की उठून कानोसा घेते. आवाज असला तर जागी राहते, नसला तर पुढची वेळ ठरवून पुन्हा झोपते.

कर्णिकेचं घड्याळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळासारखंच गोल फिरतं. बारानंतर पुन्हा एक. समजा, तिला बाराला उठायचं होतं आणि घड्याळ बघायला थोडा उशीर झाला, एक वाजला. आता एक वजा बारा किती? शाळेत आपण म्हणू, उणे अकरा. पण गोल घड्याळावर बारानंतर एक घर पुढे गेलं की एक येतो, म्हणून चिपच्या वजाबाकीचं उत्तरही एक : उठायची वेळ होऊन एक तास झाला. उत्तर उणे नाही, तेव्हा ऊठ. जुन्या प्रोग्रॅमरनं हे नीट विचार करून लिहिलं होतं.

मात्र अशी वजाबाकी करताना, आकडा टोकावरून पलीकडे गेल्यामुळे, ओसंडल्याची झेंडी वर जाते. आणि 'लहान आहे का' असं विचारलं की चिप उणेची झेंडी एकटी बघत नाही, ओसंडल्याचीही बघते. पूर्वी मध्ये ती शून्याशी ताडण्याची आज्ञा होती. ती निरुपयोगी दिसायची. पण जाता जाता ती ओसंडल्याची झेंडी गुपचूप खाली उतरवून ठेवायची. नव्या कंपायलरनं ती आज्ञा गाळली. झेंडी वरच राहिली. आता कर्णिका विचारते, 'लहान आहे का?' वर राहिलेली झेंडी सांगते, 'हो, एक हा बारापेक्षा लहान.' म्हणजे वेळ व्हायचीय अजून. आणि ती झोपून राहते, काटा अख्खा फिरून पुन्हा बारावर येईपर्यंत. कर्णिकेच्या घड्याळाला त्या फेऱ्याला जवळजवळ अर्धा दिवस लागतो.

कालिंदीताईंनी नमुना उघडला. जुन्यात तीन आज्ञा, नव्यात दोन. प्रश्न बदलायला हवा होता. 'उणेची झेंडी वर आहे का' एवढंच विचारायला हवं होतं, त्यात एक आज्ञाही वाढली नसती. तो तसाच राहिला होता. मंजुरी देणाऱ्याचं नाव खाली होतं. का. टिळेकर.

*

गटप्रमुख अभिराम हुशार मुलगा होता. त्याला समजायला पाच वाक्यंही लागली नाहीत.

"ताई, चूक आहे, मान्य. लगेच दुरुस्त करू. वार्षिक सुधारणेत जाईल."

"वार्षिक? अरे, माणसं बहिरी होताहेत."

"पण होतात का? गाढ झोपेत किती वेळा जाते कर्णिका? आमच्या चाचणीतली माणसं बघा. कुणाचीच जात नाही. इतका वेळ कुणीच बोलत नाही असं घर असतं का?"

शेजारी बसलेली शेफाली म्हणाली, "आणि एकही तक्रार नाही, ताई. एकही."

तक्रार का नाही, हे कालिंदीताईंना स्वच्छ दिसत होतं. ज्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, त्याला ऐकू आलं नाही हे सांगणार कोण? तो आल्याचा चहा करतो आणि स्वतःच्या वयाला दोष देतो. चाचणीला माणसं घेतली ती नवरा-बायको, पोरंबाळं असलेली, उत्साहानं पुढे आलेली. ही चूक बरोबर निवडून फक्त एकट्या माणसालाच गाठत होती.

"असतं असं घर," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?"

खोलीत एसीची घरघर त्यांना स्पष्ट ऐकू येत होती.

"माझं."

शेफालीच्या तोंडून निघून गेलं, "मग भाचे?"

"नाहीत गं भाचे."

*

रविवारी सकाळी अभिराम आणि शेफाली त्यांच्या घरी आले. कर्णिकेची जुळी बहीण असावी अशी तपासणीची चिप त्यांनी टेबलावर ठेवली. तिला माईक जोडला, आणि शेजारी एक दिवा : जागी असताना हिरवा, गाढ झोपेत तांबडा. खऱ्या घरात, खऱ्या शांततेत चूक होताना दिसली, की सावंत सरांना, म्हणजे त्यांच्या साहेबांना, तातडीची सुधारणा काढावीच लागणार होती.

"आता कुणी बोलायचं नाही," अभिराम म्हणाला.

दिवा हिरवा.

थोड्या वेळानं शेफाली कुजबुजली, "ताई, टीव्ही लावतच नाही तुम्ही?"

"लावला की घर अजूनच रिकामं वाटतं."

"श्श!" अभिराम म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "ताई, हे बाहेर कोणतं झाड?"

"बकुळ. बोलू नकोस."

चिपनं शांततेचा वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. दुपारी कालिंदीताईंनी खिचडी टाकली. ती खाताना शेफाली "वा!" म्हणाली. मग लोणचं कुठलं यावर दोघांची जुंपली, आणि लोणच्यावरून अभिरामच्या आत्येच्या लग्नावर गाडी गेली. कालिंदीताई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. या टेबलावर पाहुण्यांची ताटं कधी मांडली होती, ते त्यांना आठवेना. दिवा आपला हिरवागार.

तीन वाजता अभिराम वैतागून म्हणाला, "होत नाहीये हो! काय चुकतंय आपलं?"

कालिंदीताईंना उत्तर केव्हाचंच कळलं होतं. खिचडीच्या वेळीच. पण ताटं उचलेपर्यंत तरी थांबू, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं.

"तुम्ही इथे आहात तोवर नाही व्हायचं ते," त्या म्हणाल्या. "जा तुम्ही."

दोघं एकमेकांकडे बघू लागली.

"अरे जा. मी हाकलत नाहीये. तपासणीची अट आहे ती." त्यांनी दार उघडलं. "पुढच्या रविवारी या, तोवर दिवा कॅमेऱ्यासमोर ठेवते."

शेफालीनं चप्पल घालायला उगीचच वेळ लावला. दार लागलं. जिन्यातले आवाज उतरत उतरत गेले. कालिंदीताई खुर्चीत बसल्या, पुस्तक उघडलं, पान मात्र उलटलं नाही. आणि आठवडाभर त्या घरात जशा राहायच्या तशाच राहिल्या.

चूक शुक्रवारी संध्याकाळी झाली. दिवा तांबडा झाला तो झालाच. कालिंदीताईंनी टाळ्या वाजवल्या, ताट आपटलं, अर्धा दिवस तो हिरवा झाला नाही. पुढच्या रविवारी अभिरामनं ते चित्रीकरण पाहिलं. टाळ्या वाजवणारी एकटी बाई, रिकाम्या खोलीत. सोमवारी सुधारणा तयार होती.

*

राहिलं पत्रक. कर्णिका वापरणाऱ्या सगळ्यांना सुधारणेबरोबर दोन ओळी जायच्या होत्या. सावंत सरांनी लिहिलं होतं : कार्यक्षमता वाढवण्यात आली आहे.

"हे चालणार नाही," कालिंदीताई म्हणाल्या.

"का? खोटं काय आहे यात?"

"खोटं नाही. पण सर, ही माणसं समजून बसलीत की त्यांच्या अंगातली ऊब संपली. आपण तसं छापूनच दिलंय ना त्यांना? कुणी बेल वाजवून परत गेलंय आणि दोघंही रुसून बसलेत. त्यांना कळायला नको?"

"बाई, असं लिहिलं की बोंबाबोंब होईल. कुणी चूक केली, कुणी मंजूर केली, सगळं निघेल."

"निघू दे. मंजूर मी केलं होतं. खाली माझं नाव घाला, फोन नंबरही घाला. शिव्या घालायच्या त्या मला घालतील."

सावंत सरांनी चष्मा काढला. "नोकरीवर बेतेल, कालिंदीबाई."

"बेतू दे."

पत्रक असं निघालं : 'दिवाळीनंतर तुमच्या कर्णिकेत नवा प्रोग्रॅम घातला. त्यात आमची चूक होती. घर शांत असताना ती काही वेळा अर्धा दिवस बंद पडत असे. तुमच्या अंगात पुरेशी ऊब आहे. त्या काळात कुणी तुम्हाला हाक मारली असेल आणि तुम्ही ओ दिली नसेल, तर दोष तुमचा नाही, त्यांचाही नाही.' खाली नाव आणि नंबर.

एक प्रत कालिंदीताईंनी समोरच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. दुसऱ्या दिवशी पुष्पलताबाई जिन्यात म्हणाल्या, "वाचलं हो मी," आणि थांबल्या. पुढे काय बोलावं ते दोघींनाही सुचलं नाही. सवय मोडली होती.

*

शिव्या थोड्याच आल्या. बरेच फोन उगीचच आले. माणसं यंत्राचं एक वाक्य बोलायची आणि मग गुडघ्यांबद्दल, मांजरीबद्दल, गेलेल्या बायकोबद्दल बोलत राहायची. कालिंदीताई ऐकत राहायच्या.

एका सकाळी जिंतूरहून फोन आला. त्र्यंबक वाघचौरे, एसटीच्या डेपोतून निवृत्त.

"बाई, तुमचा कागद दहा वेळा वाचला मी. तुमचे लई उपकार झाले."

"उपकार कसले? चूक आमचीच होती, काका."

"असू द्या. माझं लेकरू पुण्याला असतं. मला म्हणलं, दसऱ्याला आलो होतो, दार वाजवून वाजवून परत गेलो. मी म्हणलं, खोटं बोलतो. घरातच होतो मी दिवसभर, वाट बघत. लई बोललो त्याला. तेव्हापून त्याचा फोन नाही, माझा नाही. आता कळलं. माझा कानच झोपला होता. तेवढं सांगा म्हणजे झालं. झोपला होता ना?"

कालिंदीताई 'हो' म्हणणारच होत्या. ओठांवर आलं होतं. पण दसरा हा शब्द त्यांना अडला.

"काका, कर्णिकेबरोबर मिळालेल्या कागदावर तिचा नंबर असेल, तो वाचता का?"

त्यांनी तो नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला. नवा प्रोग्रॅम त्र्यंबकरावांच्या कर्णिकेत गेला होता तो परभणीच्या दवाखान्यात, दिवाळी होऊन गेल्यावर. दसऱ्याला तिच्यात जुनाच प्रोग्रॅम होता, शून्याशी ताडणारा, झेंडी उतरवून ठेवणारा. त्यांनी पुन्हा पाहिलं. एकदा, त्या नमुन्याला, त्या न पाहता हो म्हणाल्या होत्या. आता पाहूनही हो म्हणावंसं वाटत होतं. पलीकडे म्हातारा श्वास घेत होता, वाट बघत.

"काका," त्या म्हणाल्या, "दसऱ्याला तुमची कर्णिका चांगली होती. चूक त्यानंतर आली. त्या दिवशी दार वाजलं असतं तर तुम्हाला ऐकू आलं असतं."

"म्हंजे आलाच नव्हता तो."

"ते मला यंत्रावरून सांगता येत नाही. मला वाईट वाटतं, काका. मी खोटं सांगू शकले असते, पण—"

"नाही नाही. बरं केलं." पलीकडून एक बारीकसं हसू ऐकू आलं, खोकल्यासारखं. "आला नाही. पण आलो होतो असं म्हणावं वाटलं की त्याला, बाई. बापाला बरं वाटावं म्हणून म्हणला आसंल. अन् मी त्याला खोटारडा म्हणलो."

कालिंदीताईंनी पडद्यावरची नोंद बंद केली.

"असं करा," त्र्यंबकराव म्हणाले, "तुम्ही ठेवा आता फोन. मला त्याला लावू द्या. कामावर जायच्या आधी गाठतो."

"हो, हो," कालिंदीताई म्हणाल्या, आणि त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.